अठरा वर्षांनंतर काय?
(प्रौढ बौद्धिक अक्षम व्यक्तींच्या कार्यशाळांची वाटचाल)

संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी आपण काही लिहावे, असे संपादक मंडळाने सुचविले, तेव्हा बोर्ली पंचतनच्या कापड व्यापाराचा इतिहास माझ्याकडून अपेक्षित होता. चाळीस वर्षे गादीवर बसलेल्या माणसाकडून तीच अपेक्षा असणार. परंतु लिहावयास बसलो आणि गादीशेजारी बसून पंचांच्या घड्या घालणारी एक व्यक्ती डोळ्यांपुढून हलेना. म्हणून संपादकांची परवानगी घेऊन विषय बदलला. सुज्ञ वाचकांनी क्षमा करावी.

ही व्यक्ती म्हणजे माझा धाकटा बंधू. त्याचा जन्म १९६४ चा. तो चालावयास उशिरा लागला, बोलावयास त्याहून उशिरा. १९७२ साली मातोश्रींनी त्याला मुंबईस मोठ्या डॉक्टरांना दाखविले. मुलाची बुद्धी वयाच्या मानाने वाढणार नाही, त्याला निराळ्या शाळेत घालावे, असा सल्ला मिळाला. निराळी शाळा मुंबईत होती आणि आम्ही बोर्लीस. आठ वर्षांचे मूल परगावी ठेवण्यास मातोश्री तयार झाल्या नाहीत. गावच्या शाळेत तो दोन वर्षे बसला, मग तेही थांबले. शेवटी वडिलांनी त्याला दुकानात आणले आणि टॉवेलची घडी कशी घालावी ते शिकविले. एक घडी शिकण्यास त्याला चार महिने लागले. त्यानंतर गेल्या अर्धशतकात त्याची घडी कधी चुकलेली मी पाहिली नाही.

आमच्या दुकानात जे घडले ते योगायोगाने घडले. पुढे वाचनातून कळले की, ज्या काळात वडील त्याला घडी शिकवीत होते, त्याच काळात पुणे-मुंबईस काही मंडळी हेच काम शास्त्रशुद्ध पद्धतीने उभे करीत होती. त्यांची हकिकत आपल्या भागातील लोकांस ठाऊक असावी, हा या लेखाचा हेतू.

शब्दांविषयी थोडेसे

प्रारंभी एक खुलासा अगत्याचा आहे. ज्या मुलास वाचन, लेखन वा गणित जड जाते, पण एरवी बुद्धी सर्वसाधारण असते, त्याच्या अडचणीस आपल्याकडे अध्ययन अक्षमता म्हणतात. प्रस्तुत लेख त्याविषयी नाही. समज आणि रोजचे व्यवहार या दोहोंत जी मर्यादा लहानपणापासून राहते, ती बौद्धिक अक्षमता. जुन्या पिढीत तिला मंदबुद्धी म्हणत. पुढे मतिमंद हा शब्द आला व संस्थांच्या नावांत रुळला. २०१६ च्या कायद्याने बौद्धिक अक्षमता हा शब्द स्वीकारला आणि बोलण्यात दिव्यांग हा शब्द आला.

शब्दांचा हा बदल वरवरचा नव्हे. १९१२ च्या वेडेपणाविषयीच्या ब्रिटिश कायद्यात जडबुद्धी माणूस आणि वेडा माणूस यांची गणना एकाच व्याख्येत होती. माझा बंधू जन्मला तेव्हा तोच कायदा लागू होता. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मतिमंदत्व मनोरुग्णतेच्या व्याख्येतून बाहेर काढले. तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता. म्हणजे आयुष्याची निदान पहिली तेवीस वर्षे तो कायद्याच्या लेखी वेड्यांत जमा होता आणि प्रत्यक्षात टॉवेलच्या घड्या घालीत होता!

मुंबई आणि पुणे येथील आरंभ

महाराष्ट्रातील या कार्याचा आरंभ मुलांपासून झाला. मुंबईच्या चिल्ड्रन्स एड सोसायटीने १९४१ साली मानखुर्द येथे अशा मुलांसाठी वसतिगृह काढले. १९४४ साली होरमसजी व जेरबानू वकील या पारशी दांपत्याने आपली कन्या जय हिच्यासाठी आणि तिच्यासारख्या इतर मुलांसाठी शाळा सुरू केली. जयला डाऊन सिंड्रोम होता. आज शिवडी येथे असलेली जय वकील संस्था ती हीच. आपल्या लेकराची सोय पाहताना इतरांच्या लेकरांचीही सोय करावी, हा भाव या क्षेत्राच्या इतिहासात पुढे वारंवार दिसतो.

पुण्यात १९६४ साली, म्हणजे माझ्या बंधूच्या जन्मवर्षीच, सिंधूताई जोशी यांनी कामायनी ही संस्था स्थापिली. नाशिक येथे १९७७ साली रजनीताई लिमये यांनी प्रबोधिनी विद्यामंदिर सुरू केले. त्या स्वतः शिक्षिका आणि अशा मुलाच्या माता. गावात शाळा नाही म्हणून मुलाला दूर न पाठविता, त्याच्यासाठी गावातच शाळा काढणारी ही माऊली. आमच्या मातोश्रींसमोरही तोच प्रश्न होता. दोघींच्या मायेत अंतर नव्हते. अंतर होते ते शिक्षणाचे, शहराचे आणि सोबत उभ्या राहणाऱ्या माणसांचे.

शाळेतून कार्यशाळेकडे

शाळा उभ्या राहिल्या, मुले शिकू लागली. दात घासणे, कपडे घालणे, पैसे ओळखणे, रस्ता ओलांडणे हेच तेथील पाठ. परंतु मुले मोठी होतात. शाळेत आलेले आठ वर्षांचे मूल दहा वर्षांनी अठराचे होते. दहावीची परीक्षा नाही, महाविद्यालय नाही, नोकरी नाही. शाळेने निरोप दिला की तो तरुण घरी बसतो. शिकलेले वर्षा-दोन वर्षांत विसरतो, चिडचिड करू लागतो, वजन वाढते आणि त्याच्याबरोबर आईचेही घराबाहेर पडणे थांबते. हा अनुभव प्रत्येक शाळेस आला आणि त्यातून कार्यशाळा जन्मास आल्या.

कामायनीने शाळेच्या जोडीस उद्योग केंद्र काढले. नाशिकच्या प्रबोधिनीने संरक्षित कार्यशाळा उभारली. जय वकील संस्थेतही मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांसाठी व्यवसाय प्रशिक्षण आले. मुंबईस १९९१ साली डॉ. राधिके खन्ना यांच्या पुढाकाराने ओम क्रिएशन्स ट्रस्ट स्थापन झाला व तेथे बौद्धिक अक्षम तरुणी हस्तकलेच्या व खाद्यपदार्थांच्या कामात तरबेज झाल्या. आपल्या कोकणात रत्नागिरी येथे आविष्कार संस्थेने सविता कामत विद्यामंदिर या शाळेसोबत शामराव भिडे कार्यशाळा चालविली आहे. दिवाळीत तेथील आकाशकंदील व भेटवस्तू लोक आवर्जून घेतात.

संरक्षित कार्यशाळा म्हणजे काय, हे व्यापारी मंडळींना चटकन उमगेल. काम तेच, माल तोच. फक्त कामाचे तुकडे इतके लहान केलेले असतात की प्रत्येकाच्या वाट्यास त्याला जमेल तेवढाच तुकडा यावा. कागदी पिशवीचे उदाहरण घेऊ. एकजण कागद मोजून ठेवतो, दुसरा साच्यावर ठेवून दुमडतो, तिसरा खळ लावतो, चौथा दाबतो, पाचवा नाडी ओवतो. ज्याला दहापर्यंत मोजता येत नाही, त्याच्यापुढे दहा चौकोन आखलेली फळी असते. चौकोन भरले की दहा झाले. पणत्या रंगविणे, राख्या, उटण्याच्या पुड्या, मेणबत्त्या, फाइली असे कितीतरी जिन्नस या रीतीने तयार होतात. महिनाअखेर थोडेफार विद्यावेतन हाती पडते. रक्कम लहान असते. पण ती घेऊन घरी आलेला मुलगा आईच्या हातावर ठेवतो, तेव्हा त्या घरातील हिशेब बदलतो.

माझ्या वडिलांनी टॉवेलच्या घडीचे चार टप्पे केले होते आणि एक टप्पा पक्का झाल्यावाचून दुसरा शिकविला नव्हता. त्यांना हे कोणी सांगितले होते, कोणास ठाऊक!

परदेशातील एक धडा

इंग्लंडमध्ये १९१३ च्या कायद्याने अशा व्यक्तींना समाजापासून वेगळे ठेवण्यावर भर दिला. तरीही जे घरीच राहात होते त्यांच्यासाठी स्वयंसेवी मंडळींनी १९२० च्या दशकात दिवसाची उद्योग केंद्रे काढली. टोपल्या विणणे, चटया करणे ही तेथील कामे. १९५९ च्या मानसिक आरोग्य कायद्यानंतर स्थानिक प्रशासनांनी प्रौढांची प्रशिक्षण केंद्रे मोठ्या प्रमाणावर उघडली आणि १९७१ च्या सरकारी श्वेतपत्रिकेने ती आणखी वाढविण्याचे ठरविले. म्हणजे तेथे ही सार्वजनिक सेवा झाली, दानावर अवलंबून राहिली नाही.

पुढे मात्र त्याच केंद्रांवर टीका झाली. एकाच मोठ्या इमारतीत शेकडो लोक वर्षानुवर्षे तेच ते काम करतात, गावाशी त्यांचा संबंध येत नाही, असे लोक म्हणू लागले. २००१ च्या श्वेतपत्रिकेने प्रत्येक व्यक्तीची निवड पाहावी, तिला गावच्या व्यवहारात सामील करावे, असे धोरण आखले. यातून घ्यावयाचा धडा असा की, सेवा हवीच आणि ती सरकारची जबाबदारीही हवी. पण इमारत म्हणजे सेवा नव्हे. माणूस रोज कोठे जातो, त्याला कोण ओळखते आणि त्याच्यावाचून कोणाचे काम अडते, हे अधिक महत्त्वाचे.

कायद्याची खातेवही

व्यापाऱ्याच्या सवयीनुसार मी एकदा वहीत दोन रकाने आखले. एकात कायदे व योजना, दुसऱ्यात बंधूचे वय.

१९८० साली संजय गांधी निराधार योजना आली. तेव्हाचे मुख्यमंत्री बॅ. अंतुले हे आपल्याच भागातील आंबेतचे. बंधू सोळा वर्षांचा. १९८४ साली सिकंदराबाद येथे या विषयाची राष्ट्रीय संस्था निघाली व देशभर शिक्षक तयार होऊ लागले. बंधू वीस वर्षांचा. १९९५ साली अपंग व्यक्तींचा कायदा झाला. त्याने मतिमंदत्वास अपंगत्व म्हणून मान्यता दिली व अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाची हमी दिली. बंधू एकतीस वर्षांचा. नोकरीतील तीन टक्के आरक्षण मात्र दृष्टी, श्रवण व हातापायांच्या अपंगत्वापुरतेच होते. १९९९ साली राष्ट्रीय न्यास कायदा आला. अठरा वर्षांवरील अशा व्यक्तीस कायदेशीर पालक नेमण्याची सोय त्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीमार्फत केली. बंधू पस्तीस वर्षांचा. २००७ साली भारताने संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क करारास मान्यता दिली. बंधू त्रेचाळीसचा. २०१५ साली राष्ट्रीय न्यासाने 'विकास' ही योजना आणली. दिवसाला किमान सहा तास चालणाऱ्या केंद्रास साहाय्य देण्याची ही योजना पुढे 'दिशा' या लहान मुलांच्या योजनेशी जोडण्यात आली. बंधू एक्कावन्न वर्षांचा. २०१६ च्या कायद्याने आरक्षण चार टक्के केले आणि त्यात प्रथमच बौद्धिक अक्षमतेसह काही प्रकारांना मिळून एक टक्का दिला. बंधू बावन्नचा. ३ डिसेंबर २०२२ रोजी महाराष्ट्राने स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागाची घोषणा केली. बंधू अठ्ठावन्नचा.

दोन्ही रकाने मी पुन्हा पुन्हा पाहिले. कायदे चांगले आहेत आणि ते करणाऱ्यांचे उपकार मानावेत तेवढे थोडे. परंतु प्रत्येक सोय त्याच्या वयाच्या मागून आली. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. मोफत शिक्षणाची हमी आजही अठराव्या वर्षी थांबते. त्यापुढे रोज सकाळी जाण्यासाठी जागा मिळावी, असा निश्चित हक्क नाही. आहेत त्या योजना. योजना संस्थेस मिळते आणि संस्था जेथे आहे तेथेच ती पोहोचते. २०११ च्या जनगणनेत देशात अशा सुमारे १५ लाख व्यक्तींची नोंद झाली. त्यांतील सारेच काही पुण्या-मुंबईस राहात नाहीत.

माझी चूक

येथे एक कबुली देणे भाग आहे. १९९८ साली मी दुकानाचे नूतनीकरण केले. काचेची कपाटे आली, गादी जाऊन काउंटर आला. दिवेआगरास सुवर्णगणेश सापडून वर्ष झाले होते, परगावची वर्दळ वाढली होती. दुकान नव्या ढंगाचे दिसावे असे मला वाटले आणि बंधूने आता घरीच विश्रांती घ्यावी असे मी ठरविले. त्याच्या भल्यासाठी, असे मी सर्वांना सांगितले. आठ महिने तो घरी होता. पहिल्या महिन्यात तो रोज नऊ वाजता सदरा घालून ओटीवर येऊन बसे. मग सदरा घालणे सुटले, बोलणे सुटले, जेवण सुटले. डॉक्टरांनी सर्व तपासण्या केल्या, काही निघाले नाही. शेवटी मातोश्री मला म्हणाल्या, "त्याला आजार नाही रे, त्याला काम नाही." दुसऱ्या दिवशी काउंटरमागे पुन्हा गादी घातली. पंधरवड्यात तो पूर्ववत झाला.

२०२० च्या टाळेबंदीत तोच प्रसंग फिरून आला. दुकानास कुलूप आणि हा शटरसमोर उभा. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळाने आपल्या किनाऱ्यावरील माड-पोफळी आडव्या केल्या, आमच्या दुकानाचे पत्रे उडाले, माल भिजला. सारे गाव खचलेले असताना ओल्या पंचांचा ढीग उन्हात वाळवून त्याच्या घड्या घालणारा पहिला माणूस तोच होता. कारण त्याला काम मिळाले होते.

हे सांगण्याचे कारण असे की, कार्यशाळा म्हणजे दयाबुद्धीने चालविलेली करमणूक, असा एक समज आहे. तो खोटा आहे. ज्याला सकाळी कोठे जावयाचे नाही, तो माणूस हळूहळू विझतो. हे तुम्हां-आम्हांला निवृत्तीनंतर कळते. त्यांना अठराव्या वर्षी कळते.

आपला किनारा

रायगड जिल्ह्यात काहीच नाही असे नव्हे. पेण येथे सुहित जीवन ट्रस्टची सुमंगल शाळा आहे. शेजारी नवी मुंबई महानगरपालिकेने वाशी येथे दिव्यांगांसाठी शिक्षण, प्रशिक्षण व सेवा केंद्र चालविले आहे. ठाणे महापालिकेची जिद्द शाळा आहे. स्थानिक प्रशासनाने मनावर घेतले तर सार्वजनिक सेवा उभी राहते, याची ही उदाहरणे. पण बोर्ली, दिवेआगर, वेळास, दिघी येथील आईने मुलास घेऊन रोज पेण गाठावे, हे शक्य नाही. श्रीवर्धन व म्हसळा तालुक्यांतील गावोगावी अशी माणसे आहेत. कोणी वाडीत सुपारी सोलतो, कोणी असोल्या नारळांचे ढीग लावतो, कोणी नुसताच एस.टी. स्टँडवर बसून गाड्या मोजतो. ज्याच्या घरी वाडी वा दुकान आहे, त्याचे निभावते. ज्याच्या घरी नाही, त्याचे निभावत नाही.

आणि आमचे तरी किती दिवस निभावणार? माझे दोन्ही चिरंजीव पनवेलकडे नोकरीस आहेत. कापडाचे दुकान पुढे चालविण्याची त्यांची इच्छा नाही आणि त्यांना मी दोष देत नाही. चार-पाच वर्षांत शटर कायमचे खाली येईल. त्यानंतरच्या सकाळी नऊ वाजता सदरा घालून माझा बंधू कोठे जाईल, या प्रश्नास माझ्या वहीत उत्तर नाही.

इतिहास वाचून एवढे मात्र कळले की, कोणतीही कार्यशाळा प्रथम मोठी इमारत बांधून सुरू झाली नाही. चार पालक, एक शिक्षिका आणि एक खोली एवढ्यावर आरंभ झाले. आपल्याकडे दहा-बारा जणांसाठी दुपारपर्यंत चालणारे केंद्र अशक्य नाही. प्रशिक्षित शिक्षिका एक आणि मदतनीस एक लागेल. एस.टी.च्या भाड्यात दिव्यांगांना ७५ टक्के सवलत आहे. ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नाचा ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करावयाचा आहे. हा निधी दरवर्षी किरकोळ वाटपात जातो. आसपासच्या ग्रामपंचायतींनी तो एकत्र केला, तर शिक्षिकेच्या वेतनास हातभार लागेल. कामासही तोटा नाही. २०१८ पासून राज्यात प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी आहे आणि माझ्यासारख्या दुकानदारांकडे ताग्यांचे तुकडे पडून असतात. कापडी पिशव्यांना पर्यटकांचे गिऱ्हाईकही आहे. घडी कशी घालावी हे शिकविण्यास एक अनुभवी माणूस आमच्या दुकानात आहेच.

आपल्या संस्थेचे सभागृह सणवार व लग्नसराई सोडता सकाळी रिकामे असते. त्यातील एक खोली रोज चार तास या कामी लावता आली, तर सुवर्णमहोत्सवाचे ते एक चिरंतन स्मारक ठरेल. पहिले शिलाई यंत्र व वर्षभराचे कापड देण्याची जबाबदारी मी या लेखाद्वारे स्वीकारीत आहे. विश्वस्त मंडळाने यावर विचार करावा, ही नम्र विनंती.